आई तुरुंगात आहे म्हणून मुलावरचा तिचा हक्क कायमचा काढावा का?

ट्रँगलवासी · रविवार, रात्री ११.४२

बरेच दिवस रोमात (नुसतीच वाचत) होते, आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. विषय जड आहे. मी वकील नाही. नॉर्थ कॅरोलायनात ट्रँगल भागात (राली-डरहॅमकडे) राहते, दिवसा डेटाबेस सांभाळते आणि काही वर्षांपासून कोर्टासाठी स्वयंसेवक म्हणून काम करते. पदाचं नाव भारदस्त आहे, गार्डियन अ‍ॅड लायटम. मुलाची आबाळ झाली म्हणून सरकारने त्याला घरातून काढून ताब्यात घेतलं की त्या मुलाच्या बाजूने कोर्टात बोलणारं माणूस. मुलाला ताब्यात घेणाऱ्या सरकारी खात्याला वकील असतो, आईला असतो, बापाला असतो. मुलाच्या बाजूला आमच्या कार्यक्रमाचा एक वकील आणि माझ्यासारखी एखादी बाई, जी दर महिन्याला मुलाला भेटते, शाळेत जाते, डॉक्टरांशी बोलते आणि शेवटी चार-पाच पानांचा अहवाल लिहिते. पगार शून्य. या राज्यात १९८३ पासून ही पद्धत आहे.

सध्याच्या केसमध्ये मला तो अहवाल लिहिता येत नाहीये. (तपशील बदलले आहेत, ओळख शोधत बसू नका.)

मुलगा आता चार वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असताना एका मोटेलच्या खोलीत एकटा सापडला. आई खाली पार्किंगमध्ये, गाडीत, बेशुद्ध. तिच्याकडच्या पावडरीचं वजन चार ग्रॅमच्या वर भरलं. आमच्याकडे अफूवर्गातला माल चार ग्रॅम झाला की ती स्वतः घेत होती का विकत होती हा प्रश्नच उरत नाही, तो ट्रॅफिकिंगचा गुन्हा होतो आणि सर्वांत खालच्या पायरीलाही शिक्षा किमान ७० महिने. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. मुलाला कोर्टाने 'दुर्लक्षित' ठरवलं आणि तो फॉस्टर घरी, म्हणजे सरकारने तात्पुरतं सांभाळायला नेमलेल्या कुटुंबात, गेला.

आता घड्याळाचा भाग. १९९७ साली, क्लिंटन असताना, केंद्राचा एक कायदा झाला. मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टरमध्ये असेल तर आईबापांचे हक्क संपवण्याचा अर्ज राज्याने कोर्टात टाकायचा. अपवाद आहेत. मूल नातेवाइकाकडे असेल, अर्ज न करण्याचं सबळ कारण फाइलवर असेल, किंवा आईला द्यायची मदत सरकारनेच दिली नसेल, तर थांबता येतं. हा कायदा करणारे काही दुष्ट लोक नव्हते. त्याआधी मुलं वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरत राहायची आणि अठरा वर्षांची होऊन बाहेर पडायची, कुणाचीच न होता.

हक्क संपवण्याला इथे सगळे टीपीआर (टर्मिनेशन ऑफ पेरेंटल राइट्स) म्हणतात. तो झाला की कायद्याच्या लेखी ती त्याची आई नाही. भेट मागता येत नाही, फोटो मागता येत नाही, त्याला कुणी दत्तक घेतलं हे विचारायचाही अधिकार नाही. वकील मंडळी याला दिवाणी कोर्टातली फाशी म्हणतात.

आईचे ७० महिने, मुलाचे १५. गणित सोपं आहे आणि तिथेच मी अडकलेय.

आमच्या राज्यातल्या निकालांत एक वाक्य सारखं येतं की तुरुंगवास ही 'ना तलवार, ना ढाल'. तू आत आहेस एवढ्यावरून हक्क काढणार नाही, पण आत होते म्हणून काही करता आलं नाही, हेही पूर्ण ऐकून घेणार नाही. ऐकायला किती समतोल वाटतं! पण मग कोर्ट बघतं काय? मुलाशी संपर्क ठेवलास का, सुधारणा दाखवलीस का, मुलाच्या खर्चाला हातभार लावलास का. नेमक्या याच तीन गोष्टींना तुरुंगात कुलूप असतं. खर्चाचंच घ्या. इथल्या तुरुंगांत बहुतेक कामांची मजुरी दिवसाला ४० सेंट ते एक डॉलर. २०१२ साली इथल्या अपील कोर्टाने एका बापाचे हक्क काढल्याचा निकाल कायम ठेवला, कारण या कमाईतून त्याने मुलासाठी एक पैसाही दिला नव्हता. दिवसाला एक डॉलर हो! त्यात धड कॉफी येत नाही.

मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. टेबलावर तिने दोन प्रमाणपत्रं मांडली, एकाचा कोपरा दुमडलेला होता तो बोटाने सरळ करत. व्यसनमुक्तीच्या वर्गाची यादी लांब आहे आणि सुटका जवळ आलेल्यांना आधी घेतात, असं तिला सांगितलंय. म्हणजे तिचा नंबर लागेपर्यंत तिच्या मुलाला दुसरी आई मिळालेली असेल. मग तिने एक चित्र पुढे केलं. मुलाने शाळेत कागदावर खरी मॅकरोनी चिकटवून सूर्य केला होता, तो मीच तिला पाठवायला सांगितला होता. पण आता कैद्यांची टपाल थेट आत जात नाही. दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीकडे जाते, तिथे स्कॅन होते आणि आत नुसती प्रत पोचते. तिच्या हातात आला तो सपाट, छापलेला सूर्य. बोलता बोलता ती त्या छापील मॅकरोनीवरून बोट फिरवत होती.

आणि दुसऱ्या बाजूला फॉस्टर आई. हा मुलगा पहिले सहा महिने बूट घालून झोपायचा. रात्री उचलून नेलेली मुलं असं करतात. तिने एकदाही ओढून काढले नाहीत. तो झोपला की रोज नाडी सैल करून ठेवायची, बस. आता बूट दाराशी असतात. तो तिला ममा म्हणतो. त्यांना त्याला दत्तक घ्यायचंय.

तर अहवालात काय लिहू? भारतात अशा मुलांचं काय होतं तेही जाणकारांनी सांगा.

---

किरकिरा_रेडिओ · सोमवार, सकाळी ७.१०

वाचतोय. पॉपकॉर्नचा विषय नाही हा.

---

डॅलसचा_दिगू · सोमवार, सकाळी ८.२५

सरळ बोलतो, राग नको. अडीच वर्षांचं पोर मोटेलात टाकून जाणाऱ्या बाईच्या बोटाकडे बघून तुम्ही विरघळलात. त्या पोराने त्या खोलीत काय काढलं असेल ते कुणी स्कॅन केलं नाही.

आमच्या टेक्ससमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. गुन्हा करून शिक्षा झाली आणि अर्ज टाकल्यापासून किमान दोन वर्षं तुम्ही आत राहणार, मुलाकडे बघू शकणार नाही, तर हक्क काढायला तो एक स्वतंत्र आधार. त्यात मुलाचं हित आहे हेही सिद्ध करावं लागतं. झालं. तिने सुधारावं, जरूर सुधारावं, पण मुलाने सहा वर्षं वेटिंग लिस्टवर का राहायचं? लिहा की हक्क काढा आणि त्याला त्या बुटांवाल्या बाईकडे राहू दे.

---

शमा_नाशिक · सोमवार, दुपारी १.०५

दिगू, मुद्दा कळला. पण मी दत्तक आई आहे, आणि मला इतकं सोपं वाटत नाही.

आम्ही कारामध्ये (केंद्र सरकारची दत्तक संस्था) नाव नोंदवून तीन वर्षांहून जास्त थांबलो. रोज पोर्टल उघडायचं, रँक बघायचा, बंद करायचं. त्या काळात मीही म्हणायचे, इतकी मुलं आश्रमात आहेत, मग मोकळी का करत नाहीत पटापट? आता मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या फाइलीत आईबद्दल दीड ओळ आहे. ती दीड ओळ मी किती वेळा वाचली असेल. परवा तिने विचारलं, "तिने मला दिलं की कुणी घेतलं?" आमच्या बाबतीत खरं उत्तर 'दिलं' आहे, म्हणून मी डोळ्याला डोळा देऊ शकले. ट्रँगलवासींच्या केसमधल्या फॉस्टर आईला 'घेतलं' असं सांगावं लागेल. तेही सांगता येईल, पण मग आपण घेताना नीट बघितलं होतं हे तिला ठाऊक असायला हवं.

एक विचारते. त्या आईला वकील असतो म्हणालात, तो सरकारी खर्चाने का? आणि असतोच?

---

ट्रँगलवासी · सोमवार, रात्री ९.३०

शमाताई, आमच्याकडे असतो, राज्याच्या कायद्याने. पण देशाच्या घटनेने तो मिळायलाच हवा असं नाही. आणि ज्या खटल्यात हे ठरलं तो आमच्याच इथला, डरहॅमचा आहे. मी तिथून रोज ऑफिसला जाते आणि हे मला ट्रेनिंगमध्ये कळलं.

१९७५ मध्ये डरहॅम काउंटीच्या कोर्टाने अ‍ॅबी गेल लॅसिटर या बाईच्या तान्ह्या मुलाला, विल्यमला, 'दुर्लक्षित' ठरवून खात्याच्या ताब्यात दिलं. औषधपाण्याकडे नीट लक्ष दिलं नाही हे कारण. वर्षभराने ती खुनाच्या प्रकरणात अडकली, २५ ते ४० वर्षांची शिक्षा झाली. १९७८ मध्ये खात्याने हक्क संपवण्याचा अर्ज केला. डिसेंबर १९७५ नंतर तिने मुलाशी संपर्क ठेवला नाही, दोन वर्षांहून जास्त काळ त्याला फॉस्टरमध्ये राहू दिलं, असं म्हणणं. सुनावणीला तिला तुरुंगातून आणलं. वकील नाही. खात्याच्या बाईंची उलटतपासणी तिने स्वतः करायची! ती प्रश्न विचारायच्या जागी आपलं म्हणणंच सांगत सुटली आणि न्यायाधीश तिला थांबवत राहिले. तिचं म्हणणं एवढंच होतं की विल्यमला माझ्या आईकडे द्या, माझी बाकीची मुलं तिथेच आहेत. आजी कोर्टात हजर होती. हक्क काढले गेले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की अशा प्रत्येक खटल्यात सरकारी वकील देणं बंधनकारक नाही, ज्या-त्या केसप्रमाणे बघा.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्याच न्यायालयाने सँटोस्की खटल्यात निदान पुराव्याची पायरी वर नेली. 'थोडं इकडे झुकतंय' एवढ्यावर हक्क काढता येत नाही, स्पष्ट आणि पटणारा पुरावा लागतो.

दिगू, रागावले नाही. मोटेलच्या खोलीचे फोटो मी बघितलेत. ते डोक्यातून जात नाहीत म्हणूनच तर अहवाल अडलाय.

---

सह्याद्रीचा_वारा · सोमवार, रात्री ११.५५

हे गोरे देश असेच. पोरं पळवायचा धंदा आहे. नॉर्वेने आपल्या बंगाली कुटुंबाची मुलं उचलली होती, हाताने जेवू घातलं म्हणून, असं घरचे सांगत होते, विसरलात का?

---

किरकिरा_रेडिओ · मंगळवार, सकाळी ६.५०

झालं, धाग्याचं काश्मीर व्हायची वेळ आली.

---

ट्रँगलवासी · मंगळवार, सकाळी ७.१५

वारा, त्या प्रकरणात कुणी तुरुंगात नव्हतं. २०११ला मुलं घेतली, २०१२च्या एप्रिलमध्ये काकाकडे भारतात पाठवली. विषय वेगळा आहे, वेगळा धागा काढा, मी येईन तिथे. इथे नको.

---

काळा_कोट · मंगळवार, दुपारी ३.४०

संभाजीनगरला वकिली करतो, बालकल्याण समितीपुढे अधूनमधून उभा राहतो. भारताचं विचारलंत म्हणून लिहितो. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आपल्याकडे तुमच्यासारखं घड्याळ नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मूल 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त' व्हायच्या मुख्य वाटा ठरलेल्या आहेत. एक, आईबापांनी समितीपुढे येऊन स्वतः सुपूर्द करणं. त्यात विचार बदलायला दोन महिने मिळतात. दुसरी, मूल अनाथ किंवा टाकून दिलेलं आहे असं चौकशीअंती ठरणं. त्याला मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार महिने. आई तुरुंगात आहे म्हणजे तिने मूल टाकलं, असं कायदा म्हणत नाही. तिची सही नसताना, ती अमुक जेलमध्ये आहे हे माहीत असताना, मूल मोकळं करायला कुठलीही समिती दहादा विचार करेल.

आता वाटत असेल, वा, आपलं किती छान. थांबा.

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाचा १३ एप्रिल २००६चा आर. डी. उपाध्याय खटल्यातला निकाल आहे. पाळणाघर, दूध, लसीकरण, सगळं लिहिलंय. तुरुंगात जन्मलं तर दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही हेही लिहिलंय. सहा पूर्ण झाली की आई सांगेल त्या माणसाकडे, तसं कुणी नसेल तर संस्थेत. आणि संस्थेतल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी आईला भेटू द्यायचं, हेही त्याच निकालात आहे. आठवड्यातून एकदा! मला एक न्यायबंदी बाई माहीत आहे, तिला तिची दोन पोरं कुठल्या बालगृहात आहेत ते पाच महिने कळलं नव्हतं. मोठा मुलगा एका जिल्ह्यात, धाकटी दुसऱ्या, कारण मुलांचं वेगळं आणि मुलींचं वेगळं. तिच्यावर आरोप सिद्धही झाला नव्हता. आपल्या तुरुंगांत चारातले तीन जण असेच, खटला चालू असलेले.

म्हणजे तुमच्याकडे कोर्ट आदेश काढून नातं तोडतं. आमच्याकडे आदेशच निघत नाही. मूल ना मोकळं, ना आईजवळ, आणि अठरा वर्षांचं होऊन बाहेर.

नातेवाईक तयार असेल तर बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. आईवडील तुरुंगात असलेली मुलंही तीत बसतात. पण आजीला ते कुणी सांगायला हवं ना. अर्ज, रेशनकार्ड, बोनाफाइड, गृहभेट. तोवर आजी थकते.

---

जुनी_समाजसेविका · मंगळवार, संध्याकाळी ६.२०

काळा कोट, अगदी बरोबर. मी कारागृहात काम करणाऱ्या एका संस्थेत बरीच वर्षं होते. आमचं निम्मं काम म्हणजे फोन. पोरं कुठे आहेत, शाळेत जातात का, कुणाकडे जेवतात. अटक झाली त्या रात्री पोलीस विचारतात, 'मुलांना कोण बघेल?' बाई घाबरून म्हणते, 'शेजारीण.' शेजारीण आठ दिवस बघते. पुढे?

महाराष्ट्रात गळाभेट नावाचा उपक्रम निघाला, सोळा वर्षांखालच्या मुलांना बंद्यांना प्रत्यक्ष भेटता यावं म्हणून. एरवीची मुलाखत म्हणजे काच आणि इंटरकॉम. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं, मुलं धावत सुटतील. तसं झालं नाही. बरीच पोरं दाराशी उभीच राहिली. एका बाईच्या मुलाने आधी तिची साडी नीट बघितली, मग चेहरा, मग खिशातला दात दाखवला. पडलेला दुधाचा दात, कागदात गुंडाळून आणला होता. एवढंच. बाकी वेळ ती तो दात हातात घेऊन बसली होती आणि तो बिस्किटं खात होता.

ट्रँगलवासी, तुमच्या पोराची आणि आईची समोरासमोर भेट शेवटची कधी झाली?

---

ट्रँगलवासी · मंगळवार, रात्री १०.०२

चौदा महिन्यांपूर्वी. आधी खात्याकडे गाडी आणि माणूस नाही, मग थेरपिस्ट म्हणाली मूल अस्थिर होतंय, आता थांबवू. आणि आता फाइलीत वाक्य आहे, 'आईशी भावनिक नातं दिसून येत नाही.'

---

लेक_ईरी_काठी · बुधवार, सकाळी ९.१२

हे वाक्य वाचून मिशिगनचा २०१०चा मेसन खटला आठवला. मी तिकडे पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) होते. बाप तुरुंगात, फोनवरून सुनावणीला हजर राहायचा त्याचा हक्क नियमात लिहिलेला. तरी एकामागून एक तारखांना त्याला फोन लावलाच नाही. आणि शेवटी कारण काय, तर त्याने सहभाग घेतला नाही! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नुसता तुरुंगवास हा आधार होत नाही, आणि मुलं नातेवाइकाकडे आहेत याचा विचार करायलाच हवा होता, असं म्हटलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कने कायदा बदलला. आईबाप तुरुंगात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात असतील आणि मुलाच्या आयुष्यात त्यांचा अर्थपूर्ण वाटा असेल, तर १५ महिन्यांचा अर्ज टाळायची मोकळीक दिली.

दिगूसाठी आकडा: मार्शल प्रोजेक्ट या न्यायव्यवस्थेवर लिहिणाऱ्या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये सरकारी नोंदी तपासल्या होत्या. २००६ नंतर किमान ३२,००० कैदी आईबापांचे हक्क गेले, ज्यांच्यावर मारहाणीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा आरोप नव्हता. त्यातल्या जवळपास ५,००० जणांच्या नोंदीत तुरुंगवासाशिवाय दुसरं कारणच दिसत नव्हतं.

---

डॅलसचा_दिगू · बुधवार, दुपारी १२.३०

आकडा मोठा आहे, मान्य. फोन लावला नाही हे चूकच. पण उरलेल्या २७,००० च्या नोंदीत दुसरं कारण होतं, हेही त्याच आकड्यात आहे. व्यवस्था नालायक आहे म्हणून पोराने थांबायचं, हे मला अजून पटत नाही.

---

मिरजेचा_मधला · बुधवार, रात्री ११.४८

तीन दिवस लिहू की नको करत होतो. डुप्लिकेट आयडी नाही, जुनाच आहे, पण हे इथे कधी लिहिलं नव्हतं.

मी तसा मुलगा आहे. आई मी तीन वर्षांचा असताना वारली. वडिलांचं बांधावरून भांडण झालं, कुऱ्हाड चालली, एक माणूस गेला. सात वर्षं शिक्षा. मला मिरजेला आत्याने नेलं. कुठल्या कोर्टाने काही ठरवलं नाही, कुणी समिती नव्हती. सोफ्यावर बसून काकांनी आणि आत्याने ठरवलं.

मला सांगितलं होतं, बाबा दुबईला आहेत. गल्लीत दोन-तीन जणांचे बाप खरोखरच दुबईला होते, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. फक्त त्यांच्या घरी कॅसेट प्लेअर आले आणि आमच्याकडे काही आलं नाही.

चौथीत असताना एक माणूस घरी आला. आत्या स्वयंपाकघरात होती. मी त्याला बसायला सांगितलं आणि विचारलं, "काका, पाणी देऊ का?" तो पाणी प्यायला. ग्लास ठेवताना त्याचा हात इतका थरथरत होता की पाणी सांडलं, ते मी फडक्याने पुसलं. संचित रजेवर (कैद्याला मिळणारी सुट्टी) आले होते बाबा. ते गेल्यावर आत्याने सांगितलं.

सातवीत मला माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात इनलँड पत्रं सापडली. एकवीस होती. प्रत्येकावर कारागृहाचा गोल शिक्का. एकही मला दिलं नव्हतं. आत्या वाईट बाई नव्हती हो. मला तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं, माझी फी भरायला पाटल्या मोडल्या. तिला वाटलं, पोराच्या डोक्याला ताप नको. एका पत्रात बाबांनी फक्त जेलच्या बागेतल्या भाज्यांची नावं लिहिली होती, मला लिहायला-वाचायला येतंय का बघायला. वांगी, दोडका, घेवडा. पुढे लिहिलं होतं, 'उलट टपाली तुझ्या अक्षरात पाठव.' मी पाठवणार कुठून?

दिगू म्हणतो ते मला पटतं. मी सात वर्षं कुणाची तरी वाट बघत बसायला नको होतं, आणि बसलोही नाही. आत्याचं घर माझं घर होतं. बाबा सुटल्यावरही मी तिथेच राहिलो, माझ्या मर्जीने. ते शेजारच्या गल्लीत खोली घेऊन राहिले. पण ती पत्रं मला त्या-त्या वेळी मिळायला हवी होती. आज माझ्या मुलीला आजोबांचं अक्षर दाखवतो तेव्हा ते तिच्यापेक्षा मला जास्त नवीन असतं.

ताई, तुमच्या अहवालात काय लिहायचं ते मला सांगता येत नाही. पत्रं मात्र बघा.

---

शमा_नाशिक · गुरुवार, सकाळी ८.०५

मधले, काय लिहिलंत. ऑफिसच्या बसमध्ये वाचलं, नको होतं वाचायला.

---

किरकिरा_रेडिओ · गुरुवार, सकाळी ८.४०

दोडका. बस.

---

ट्रँगलवासी · शनिवार, तीन आठवड्यांनी

अपडेट द्यायचं राहिलं. आधी मधल्यांचे आभार. तुमचा प्रतिसाद वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खात्याच्या कार्यालयात गेले आणि फाइल पुन्हा पहिल्या पानापासून बघायला मागितली. मागच्या कप्प्यात रबरबँड लावलेला गठ्ठा होता. आईची अकरा पत्रं. मुलाला एकही वाचून दाखवलेलं नाही, आणि पाठवल्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही. कुणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. वर्षभरात तीन केसवर्कर बदलल्या, एकीने दुसरीला सांगितलं नाही.

त्या गठ्ठ्यात आणखी एक गोष्ट निघाली. तिसऱ्या पत्रात तिने मुलाच्या वडिलांकडच्या एका आत्याचं नाव लिहिलंय, फेएटव्हिलला राहते, 'ती घेईल त्याला, विचारा.' कुणी विचारलं नव्हतं. आमच्या वकिलाने फोन केला. बाई शाळेच्या कँटीनमध्ये काम करते, तिला मूल कुठे आहे हेच माहीत नव्हतं. मला लॅसिटर खटल्यातली आजीच दिसली.

मग मी काय लिहिलं? हक्क काढू नका असं लिहिलं नाही. आत्ता काढू नका असं लिहिलं. अकरा पत्रांची यादी तारखांसकट जोडली, भेटी कुणी आणि का थांबवल्या ते लिहिलं, आत्याच्या घराची तपासणी करा असं लिहिलं, आणि काहीही ठरलं तरी पत्रं मुलाच्या नावाने जपून ठेवा अशी वेगळी विनंती केली. तो आज ज्या घरात आहे तिथून त्याला उचलू नये असंही लिहिलं, कारण ते मला खरं वाटतं. आत्याला ताबा न देता नातं ठेवता येईल का, फॉस्टर आईला दत्तक न घेता गार्डियन, म्हणजे कायदेशीर पालक, होता येईल का, हे पर्याय मांडले. गार्डियन झालं की आई कायद्याने आई राहते, मूल मात्र हलत नाही. दोन्ही बाजूंना हे थोडं थोडं नावडलंय.

सुनावणी झाली नाही. तुरुंगातून व्हिडिओ लागेना. न्यायाधीशांनी वीस मिनिटं वाट बघितली आणि पाच आठवडे पुढची तारीख दिली. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत होती, आणि तिच्या बाजूला कुणाचा तरी कोपर.

फॉस्टर आईने मात्र एक केलं. पत्रांबद्दल मी सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, पहिलं मी आज वाचते, त्याला नाही, स्वतःला. दोन दिवसांनी मेसेज आला की थेरपिस्टला विचारून तिने त्यालाही एक वाचून दाखवलं. तो ऐकून म्हणाला, "हिला माझी मॅकरोनी मिळाली?"

---

डॅलसचा_दिगू · शनिवार, रात्री १०.१५

'आत्ता काढू नका' मला मान्य नाही. पाच आठवड्यांचे पाच महिने होतील, बघा. गार्डियनचं ऐकलं नव्हतं, ते बरं वाटतंय. त्यात तो त्या घरातच राहतो, हे महत्त्वाचं.

बरं, हे तुमचं स्वयंसेवकाचं काम डॅलसला असतं का?

---

ट्रँगलवासी · शनिवार, रात्री १०.४०

असतं, तिकडे कासा म्हणतात. साधारण तीस तासांचं ट्रेनिंग, पार्श्वभूमीची तपासणी, मग न्यायाधीशांपुढे शपथ. तुमच्यासारखे कडक लोक हवेतच. शनिवार जातात मात्र.

---

डॅलसचा_दिगू · शनिवार, रात्री १०.४४

शनिवारी आमचं क्रिकेट असतं. बघतो.